विमलाबाई आणि मंडालेचा उंबरा

विमलाबाई ओव्हाळांना लाकडाच्या बाबतीत कुणी फसवू शकत नाही. भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या आसपासच्या कारखान्यांत त्यांनी एकतीस वर्षं फर्निचर घासलं आणि पॉलिश केलं. दुकानदार गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचा की माल अस्सल बर्मा टीक, म्हणजे ब्रह्मदेशी सागवान आहे, तेव्हा कोपऱ्यात पॉलिशपेपर फिरवणाऱ्या विमलाबाई मान खाली घालून हसायच्या. खरं बर्मा टीक घासलं की तळहाताला तेलकटपणा राहतो आणि वास घरापर्यंत येतो. दुकानदाराच्या मालाला वास होता तो त्याच्या थापांचाच. पण हजेरीवरच्या बाईनं तोंड उघडायची सोय नव्हती.

हे झालं पोटापाण्याचं. बाईंचं खरं काम रविवारचं. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या वस्तीत एक लहानसा बुद्धविहार आहे आणि तिथं चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी विमलाबाई मुलांचा वर्ग घेतात. शिक्षण सातवी, पण वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी. नवीन मूल आलं की पहिला धडा ठरलेला. विहाराचं दार सताड उघडायचं, मुलाला उंबऱ्यापाशी उभं करायचं आणि म्हणायचं, "आपल्या आज्या-पणज्यांना देवळाबाहेर उभं करायचे. बुद्धाच्या दारात कुणालाच अडवत नाहीत. ये आत." मूल आत आलं की प्रवेश झाला. अर्धी वस्ती अशी त्यांचा हात धरून आत आलेली आहे. नात पूर्णिमाही तशीच आली. ती आता हिंजवडीला आयटीत आहे आणि तिला आजीशिवाय कुणाचाही धाक वाटत नाही.

कोरोनाच्या आदल्या वर्षी विहार समितीनं ब्रह्मदेशची सहल काढली. समितीचे अध्यक्ष ज्ञानदेव सर, निवृत्त मुख्याध्यापक, एकदा जाऊन आलेले होते. सगळी आखणी त्यांनीच केली आणि हे ते दिवसातून तीनदा सांगत. पूर्णिमानं स्वतःबरोबर आजीचंही नाव घातलं. मंडालेला संपूर्ण सागवानाचा एक जुना विहार आहे असं कळल्यापासून विमलाबाईंना झोप नव्हती. बुद्धाचं घर आणि तेही सागवानाचं, म्हणजे त्यांच्या आयुष्याची दोन्ही टोकं एका जागी आली होती. निघायच्या आदल्या रविवारी त्यांनी मुलांना कबूल केलं, की बघून येते आणि आल्यावर सगळं सांगते.

मंडालेत त्यांना खिन नावाची गाईड मिळाली. पंचविशीची, गालांना चंदनासारखा लेप, गळ्यात परवान्याचा बिल्ला. ती इंग्रजीत बोलायची, पूर्णिमा मराठीत सांगायची. इथल्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीला नेऊन ठेवलं होतं, हे ऐकून विमलाबाईंना तो राजा एकदम शेजारपाजारचा वाटायला लागला.

सकाळी आधी सगळे बुद्धाच्या मोठ्या सोन्याच्या मूर्तीला गेले. माणसं ओट्यावर चढून मूर्तीला सोन्याचा वर्ख लावत होती. सगळे पुरुष. बायका खाली बसून टीव्हीच्या पडद्यावर ते बघत होत्या. आपले पुरुषही वर चढले. विमलाबाईंनी विचारलं तेव्हा ज्ञानदेव सर म्हणाले, गर्दी फार आहे, बायकांना त्रास नको म्हणून. हे कारण पुण्यात कुठंही खपतं, तिथंही खपलं. मग संगमरवरी शिलांचं मंदिर झालं. पांढऱ्या छोट्या छोट्या देवळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येकीत अक्षरांनी भरलेली एकेक उभी शिळा. सगळा धम्म दगडावर लिहून ठेवलेला. विमलाबाई एकेका देवळीपुढं थांबत राहिल्या, शेवटी पूर्णिमानं त्यांना ओढून काढलं.

तिथून लाकडी विहार पाच मिनिटांवर. गर्दी अजिबात नव्हती. चपला काढून विमलाबाई पायऱ्या चढल्या आणि पहिल्याच खांबाला त्यांनी तळहात लावला. ऊन-पावसानं बाहेरचं लाकूड राखाडी पडलं होतं, पण वळचणीपासून कठड्यापर्यंत एक वीत जागा कोरीवकामावाचून सोडलेली नव्हती. पायाखालच्या फळ्या शंभरावर वर्षांच्या चालण्यानं गुळगुळीत झालेल्या. त्यांनी हात नाकाशी नेला. जन्मभर ज्याच्या नावानं लोक फसवले गेले ते हे लाकूड. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. इतका आनंद त्यांना मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

आत मधल्या दालनात सोनेरी खांब होते आणि त्यांच्यामागं मूर्ती. पुरुष मंडळी उंबरा ओलांडून गेली. विमलाबाई पदर सारखा करून त्यांच्या मागोमाग निघाल्या, आणि खिननं हात आडवा धरला. अंगाला लागू न देता, पण आडवाच. बाजूला एक पाटी होती. पूर्णिमानं ती वाचली आणि चेहरा फिरवला.

"काय लिहिलंय?" विमलाबाईंनी विचारलं.

"चल ना आजी, आपण मागचं कोरीवकाम बघू."

"मी काय लिहिलंय ते विचारलं."

"बायकांनी आत येऊ नये."

विमलाबाईंनी पाटीकडं पाहिलं, मग आत. ज्ञानदेव सर वळले होते. ते वर्गातल्या आवाजात म्हणाले, की विमलाताई, इथला रिवाज आहे, आपण पाहुणे आहोत, तिथूनच हात जोडा, भाव पोहोचतो.

"सर, सकाळी तुम्ही गर्दीचं म्हणालात."

बाकीचे पुरुष छताची नक्षी बघायला लागले.

"तुम्ही आधी येऊन गेलात. तुम्हाला ठाऊक होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता," सर म्हणाले. ते खरंच होतं आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

कुठलंही दुसरं देऊळ असतं तर विमलाबाई पाठ फिरवून चालू लागल्या असत्या. त्याची सवय होती. पण हे दार त्यांचं होतं. ह्याच दाराच्या भरवशावर त्यांनी चाळीस वर्षं पोरांना शब्द दिला होता. आता इथं बाहेरून हात जोडले, तर रविवारी त्या मुलांपुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं? चाळीस वर्षांचा धडा एका पाटीनं खोटा ठरत होता. त्यांनी उजवा पाय उचलून उंबऱ्यावर ठेवला.

कोपऱ्यातला राखणदार उठला. त्यानं खिनला काहीतरी तोडून विचारलं. पूर्णिमानं तेवढ्यात मोबाईल काढला होता.

"जा तू आत, आजी. करतात काय बघू. मी रेकॉर्ड करते."

खिनचा चेहरा पांढराफटक पडला. ती पूर्णिमाशी भराभर बोलत राहिली आणि बोलताना गळ्यातला बिल्ला तिनं मुठीत धरला होता. पूर्णिमाचा मोबाईल हळूहळू खाली आला.

"काय म्हणते ती?"

"सोड ना."

"पूर्णे."

पूर्णिमानं नाइलाजानं सांगितलं. आत बाई गेली तर जाब गाईडला विचारतात. हिचा परवाना जाईल. घरात आई आणि दोन लहान भाऊ, कमावणारी ही एकटी.

विमलाबाईंचा पाय उंबऱ्यावर तसाच होता. परवाना जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरण्या होत्या तेव्हा कसबा पेठेतल्या एका घरी त्यांनी आठ दिवस खपून जुनं सागवानी देवघर पॉलिश केलं होतं. नवव्या दिवशी एक कोपरा राहिलेला दिसला म्हणून त्या आत शिरल्या, तर घरच्या बाईंनी अडवलं. आता देव बसलेत म्हणाल्या. विमलाबाई म्हणाल्या, आठ दिवस माझेच हात लागलेत की त्याला. एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी ठेकेदारानं हजेरीतून नाव काढलं आणि पुढचे चार महिने घरात एक वेळची चूल पेटली. थोरला तेव्हा अंगावर पीत होता.

आत मूर्ती शांत बसली होती. दहा पावलं. कुणी हात धरून ओढलं नसतं. राखणदार म्हातारा होता आणि विमलाबाईंचे दंड एकतीस वर्षं लाकूड घासलेले होते. त्यांना आत जायचं होतं, फार जायचं होतं, आणि जायचा हक्कही होता. फक्त त्याचा दंड दुसऱ्याच एका पोरीनं भरायचा होता.

त्यांनी पाय मागं घेतला.

हात मात्र जोडले नाहीत. त्या उंबऱ्याच्या बाजूला फळ्यांवर बसल्या आणि खिनलाही खूण करून शेजारी बसवलं. आत काय काय आहे ते हिला विचार, त्या पूर्णिमाला म्हणाल्या. खिननं पाठ असल्यासारखं सांगितलं, खांब किती, सोनं कसं, मूर्तीच्या मागं काय कोरलंय.

"हिनं स्वतः पाहिलंय का?"

खिननं नकारार्थी मान हलवली. सहा वर्षं ती रोज लोकांना हे सांगत आली होती, आणि आतून आलेल्या पुरुषांकडून ऐकून सांगत आली होती. विमलाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

पुरुष बाहेर आले. ज्ञानदेव सर सगळ्यांत शेवटी. ते विमलाबाईंपुढं थांबले आणि मनापासून म्हणाले, "विमलाताई, मी आत तुमच्याही नावानं वंदन केलं."

विमलाबाईंनी वर पाहिलं.

"गावाकडं माझ्या आईलाही गुरव हेच म्हणायचा, सर. नारळ पायरीवर ठेव, तुझ्या नावानं मी फोडतो."

सरांचा चेहरा उतरला. सरांना राग यायला हवा होता, पण आला नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या आईचाही नारळ पायरीवरच राहायचा. ते विमलाबाईंपासून हातभर अंतरावर खाली बसले. दर रविवारी मुलांच्या मागं खुर्ची टाकून ते विमलाबाईंचा उंबऱ्याचा धडा ऐकायचे आणि शेवटी टाळ्याही वाजवायचे.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "रविवारी मुलांना काय सांगणार?"

"जे झालं ते."

"सगळं?"

"सगळं. मी आत गेले नाही, हे सांगणार," विमलाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही गेलात, हेही."