शेदलियाबाईंचा वर्ग

त्रेचाळिसाव्या वर्षी शेदलिया पुन्हा विद्यार्थिनी झाली, ती काही हौसेने नव्हे. ट्यूनिसमधल्या शालेय पुस्तकांच्या एका छापखान्यात ती एकोणीस वर्षं मुद्रितं तपासत होती. त्या वर्षी सुट्ट्या संपता संपता साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की विभागप्रमुखाच्या जागेसाठी यापुढे प्रकाशनातली पदव्युत्तर पदवी लागेल. शेदलियाच्या हाताखाली काम शिकलेल्या एका मुलीकडे ती पदवी आधीच होती. उद्या तिच्यापुढे कागद घेऊन उभं राहायचं का, एवढाच प्रश्न होता. शेदलियाने जेवणाच्या सुट्टीत, एका हातात कसक्रूत, म्हणजे भरलेला पाव, धरून, दुसऱ्या हाताने प्रवेशाचा अर्ज भरून टाकला.

तास शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी दिवसभर. शुक्रवारी अर्धी रजा, मग मेट्रो, मग बस, मग विद्यापीठाचा तो चढ. घरी आई रमजानमध्ये पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. शेजारच्या झोहराबाई तिच्याजवळ बसत, पण शेदलिया परतली की दारातच म्हणत, "आलात का प्रोफेसरीणबाई? माझी मसूर शिजून लगदा झाली तुमच्या शिक्षणापायी." शेदलिया चपला काढून थेट आईच्या खोलीत जाई. बोलायला अंगात जीव लागतो.

वर्गात अठरा जण. बहुतेकांचं वय तिच्या अर्ध्यावर. पहिल्या महिन्यात तिला एकच गोष्ट कळली, की इथे सगळं सगळ्यांना आधीच माहीत असतं, तिला सोडून. तास रद्द झालेला असायचा आणि ती एकटीच बाकावर बसलेली. वाचून यायचं प्रकरण बदललेलं असायचं आणि ती जुनं वाचून आलेली. विभागाच्या दारावरच्या फलकावर ती रोज डोळे बारीक करून बघायची. तिथे गेल्या वर्षीच्या परीक्षेची यादी अजून लटकत होती.

एकदा तिने पुढच्या बाकावरच्या इनास नावाच्या मुलीला विचारलंच, "अगं, आजचा तास दोनऐवजी तीनला आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"हाज्जा, काल आलं की. तुम्ही तर इन्शाल्ला म्हणालात!" इनास हसली. मागच्या दोन पोरीही हसल्या.

शेदलियाला ते झोंबलं. ती बोलताना ऊठसूट इन्शाल्ला म्हणते हे तिला ठाऊक होतं. हाज्जा म्हणण्याइतकी म्हातारीही ती नव्हती. तिने मनाशी ठरवलं, या पोरींना पुन्हा काही विचारायचं नाही.

पुढच्या आठवड्यात इनास आपणहून जवळ आली. "तुमची शुक्रवारची जुई फार छान असते हं. माझ्या आईलाही दाखवते मी."

शेदलिया केसांना जुईचं तेल लावत असे. एवढा वास येतो? की इथेही टोमणा? त्या दिवसापासून तिने तेल बंद केलं आणि केस कोरडे, पिंजारलेले घेऊन तासाला बसू लागली.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी सी अब्दुस्सत्तार, म्हणजे अब्दुस्सत्तार सर, वर्गात आले. करारांचा विषय ते शिकवत. खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला मादाम शेदलिया, ऐकतोय आम्ही."

"काय ऐकताय सर?"

"लेखक आणि प्रकाशक यांच्यातला करार. पहिलं सादरीकरण तुमचं. दोन आठवड्यांपूर्वी विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात."

"मला कोणीच विचारलेलं नाही."

वर्गात चुळबुळ झाली. सरांनी फोन काढला, बोटाने वर सरकवत नेलं आणि तिच्यापुढे धरला. फोनवर वर्गाचा निरोपांचा एक गट होता. त्यात सरांचा निरोप होता, तिचं नाव घेऊन लिहिलेला. खाली तिच्या नावाने उत्तर होतं: इन्शाल्ला. त्याच्याखाली पहाटेच्या दंवातल्या जुईचं चित्र आणि "शुक्रवार मुबारक".

"हे मी लिहिलेलं नाही," शेदलिया म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला खोटारड्यासारखा वाटला.

"मग कोणी लिहिलं? भुताने?" सरांनी वहीत काहीतरी टिपलं. "शून्य. बसा."

मधल्या सुट्टीत ती कार्यालयात गेली. तिथल्या नज्वाबाईंनी कुरकुरत फाईल काढली. अर्जावर शेदलियाच्याच हातचा फोन नंबर होता. घाईत लिहिलेल्या एक या इंग्रजी आकड्याची शेंडी इतकी लांब गेली होती की कोणीही त्याला सातच म्हटलं असतं. नज्वाबाईंनीही सातच म्हटलं होतं.

शेदलिया त्या आकड्याकडे बघत राहिली. दुसऱ्यांच्या पुस्तकातला सुटलेला ठिपका ती हातभरावरून पकडायची. निदान दोष कुणाच्या तरी माथी मारता आला असता तर बरं वाटलं असतं. तीही सोय नव्हती.

पण या सातवाल्याला तरी सोडायचं नाही, असं म्हणत ती जिन्यात आली आणि तिने तो नंबर लावला. बरीच घंटी वाजून मग एका म्हाताऱ्या माणसाने फोन उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"कोण बोलतंय?"

"मी शेदलिया बोलते. तुम्ही माझ्या..."

"बाई!" म्हातारा ओरडला. "अल्लाची कृपा! शेवटी तुम्हीच फोन केलात! अगं ए, ऐक, माझ्या शाळेच्या बाईंचा फोन आलाय!"

शेदलियाने फोन दुरून धरून नंबर पुन्हा पाहिला.

"रागावू नका बाई," तो घाईघाईने सांगू लागला. "मी येत नाही असं नाही. तीनदा आलो. तुम्ही लिहिलं होतं ना, खोली क्रमांक बारा? ते मी एकट्याने वाचलं, कुणाला न विचारता. खो... ली... करत करत दुपार गेली. पण आमच्या शाळेत खोल्याच नऊ आहेत. शिपायाला विचारलं तर तो म्हणतो, चाचा, उन्हात फिरू नका."

म्हाताऱ्याचं नाव मब्रूक. राहणार कासरीनजवळच्या एका वस्तीत. जन्मभर डोंगरावरचं हलफा गवत कापून तो कागदाच्या कारखान्याला घालत होता, पण अक्षर कधी शिकला नव्हता. आता गुडघे गेले, बायकोने टोकलं, म्हणून त्याने सप्टेंबरात प्रौढांच्या साक्षरता वर्गात नाव घातलं आणि फोन नंबर दिला. आठवड्याने फोनवर निरोप येऊ लागले: प्रिय विद्यार्थ्यांनो. भाच्याने दाखवलेल्या अक्षरांवरून तो ते कसेबसे लावी आणि त्याला वाटलं, हाच तो वर्ग. निरोपांत एक नाव मधूनमधून येई, शेदलिया. ते त्याने शिकवणाऱ्या बाईंचं धरलं.

"आणि प्रत्येकाला इन्शाल्ला का लिहीत होतात?"

"तेवढंच लिहिता येतं ना बाई. भाच्याने शिकवलं. फुलं तर मला दुसऱ्यांकडून येतात, तीच पुढे पाठवतो. बाईंना रिकाम्या हाताने कसं उत्तर द्यायचं?"

शेदलिया पायरीवर बसली. रागवायला म्हणून जे काही गोळा केलं होतं त्यातलं काही हाताशी उरलं नव्हतं. आधी तिला हसू आलं, नऊ खोल्यांच्या शाळेत बारावी खोली शोधणारा तो माणूस डोळ्यांपुढे आला आणि हसता हसता डोळे भरले. किती दिवसांत ती अशी रडली नव्हती, तेही तिला आठवेना.

मग तिने त्याला खरं ते सांगितलं. सावकाश, सोप्या शब्दांत. पलीकडे तो ते बायकोला पुन्हा सांगताना ऐकू आला.

"म्हणजे हे मोठ्या लोकांच्या शाळेचं होतं," मब्रूक शेवटी म्हणाला. "मी बायकोला म्हणायचोच, पहिलीच्या मानाने फार अवघड आहे. माझ्यामुळे तुमचं काही बिघडलं का हो?"

"नाही चाचा, फारसं नाही," शेदलिया म्हणाली.

सोमवारी कामातून वेळ काढून तिने कासरीनमधल्या चार कार्यालयांत फोन केले. साक्षरता वर्ग ऑक्टोबरपासून चालूच होता, दर मंगळवारी, बाजारामागे, मब्रूकच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. तिने कळवलं. तो म्हणाला, "बाई तुम्हीच असता तर बरं झालं असतं," आणि मंगळवारी गेला.

सी अब्दुस्सत्तारांना अर्ज दाखवायला ती गेली तेव्हा त्यांनी तो आकडा उजेडात धरून पाहिला. "मादाम, तुम्ही पोटासाठी चुकाच शोधता ना?" ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. शून्य काढून टाकलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्या दिवशी तिने करारावर चाळीस मिनिटं भाषण केलं. आदल्या दिवशी आईला ताप होता, त्यामुळे मधलं एक पान घरीच राहिलं. वीसपैकी अकरा गुण मिळाले. पास व्हायला दहा लागत.

इनासने तिला गटात घेतलं आणि माफीही मागितली. "तुम्ही वर्गात कधी हसत नव्हतात, आम्हाला वाटलं तुम्ही फोनवरच मोकळ्या असता." शेदलियाला ते खरंच वाटलं. गटात दिवसाला सत्तरऐंशी निरोप येत, त्यांतले दोन कामाचे. मब्रूक गटातून बाहेर पडल्यापासून शुक्रवारी तिथे फुलं येत नसत. एकदोघांनी ते बोलूनही दाखवलं.

जानेवारीत साहेबांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. या वर्षी बढत्या होणार नाहीत, पुढच्या वर्षाचं तेव्हा बघू, असं म्हणाले. घरी आल्यावर आईने विचारलं, "मग आता सोडणार का गं ते कॉलेज?"

शेदलिया मोजे काढत होती. सोडते म्हणून झोहराबाईंना, साहेबांना, इनासला समजावत बसायचं, त्यापेक्षा जाणं कमी त्रासाचं होतं. शिवाय पुढच्या सत्रात पुस्तकाची सूची कशी करायची ते होतं, आणि ते तिला शिकायचं होतं, हे तिने आईलाच काय, कोणालाच सांगितलं नाही.

"अजून दीड वर्ष आहे," ती म्हणाली आणि आईचं सूप गरम करायला उठली.