बारा विहिरींच्या मुलखातलं खेचर

वहिनीनं मला फसवलं. ती माझी सख्खी वहिनी नव्हे. गल्लीत सून होऊन आलेली, म्हणून आम्हा सगळ्या पोरींची वहिनी. खेळात तिनं मला कितीही लुबाडलं असतं तरी मी तक्रार केली नसती, दुसऱ्या दिवशी खेळातच वसूल केलं असतं. पण तिनं खेळाचा नियम सांगून माझ्याकडून एक गोष्ट काढून घेतली आणि ती खेळाबाहेर नेऊन वापरली.

दुष्काळानंतर आम्ही वेळापूर सोडून सोलापुरात आलो. वडील गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. आई घरात विड्या वळायची आणि मी वहिनीच्या ओसरीवर. तिथं आम्ही चौघी असायचो: वहिनी, मी, शेजारची तेलुगू म्हातारी जिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, आणि अव्वाची नात. नात माझ्याच वयाची, सोळाची. ती बोलायची कमी आणि विडी मात्र अशी वळायची की कारखान्यातून तिची एकही परत येत नसे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पानं, दातात दोरा. या कामात हात मोकळे नसतात, डोळेही नसतात. तोंड तेवढं रिकामं राहतं. त्या रिकाम्या तोंडासाठी वहिनीनं खेळ काढला.

ती एक मुलूख सांगायची, बारा विहिरींचा. त्या मुलखात आम्ही प्रत्येकजणी कोणीतरी होतो. अव्वा पाणबुडी होती, विहिरीच्या तळातून लोकांच्या हरवलेल्या वस्तू काढायची. नात पाखरं धरायची. मी व्यापारीण; खेचरावर मीठ आणि आरसे लादून या विहिरीवरून त्या विहिरीवर जायची. वहिनी स्वतः कोणी नव्हती, ती उरलेलं सगळं होती. राजा तीच, चोर तीच, वाघ तीच, वारा तीच.

"घाटाच्या तोंडाशी आलाय तुमी. डावीकडं धूर दिसतोय. काय करताय?" ती विचारायची आणि आम्ही सांगायचं. जमलं की नाही ते चार चिंचोके ठरवायचे. मधोमध फोडलेले, एका अंगानं पांढरे, दुसऱ्या अंगानं काळे. ते वहिनीच टाकायची, आपल्या सुपाच्या आडोशाला, आणि काय पडलं ते तोंडानं सांगायची. कारखान्यात रोज तंबाखू तोलून घेताना काट्यावर नजर ठेवणारी मी, पण ते सूप जरा बाजूला कर असं तिला कधी म्हटलं नाही.

त्या मुलखात जादू घरोघरी होती, जशी आपल्याकडं चटणी असते. लाकडाला त्याच्या झाडावरून शिवी दिली की चूल पेटायची. दूध उतू जाऊ नये म्हणून त्याला एखादी खोटी बातमी सांगायची. ते ऐकत बसायचं आणि वर यायचं विसरायचं. विहिरी माणसाचा आवाज ओळखायच्या, म्हणून सर्दी झालेल्याला पाणी मिळत नसे, घशाला बरं वाटेपर्यंत शेजाऱ्याकडून मागून आणावं लागे. उंबऱ्यातल्या खिळ्याला अवसेला तूप घालायचं. उपाशी राहिला तर तो घरातल्या धाकट्या लेकराचं एक वर्ष खायचा. बाळंतिणीच्या खोलीत आरसा पालथा ठेवायचा, नाहीतर आत दोन बाळं जन्मायची आणि खरं कोणतं ते आईलाही कळायचं नाही. यातलं निम्मं मी घातलेलं आहे. सर्दीचं माझं, दुधाचं माझं. खिळ्याचं वहिनीचं. तिच्या जादूला दात असायचे.

मोठी जादू फुकट नव्हती. बंद दार उघडायचं किंवा मेलेलं उठवायचं तर त्याची किंमत होती एक खरी गोष्ट. मुलखातली नव्हे, सोलापुरातली. स्वतःची, कोणाला न सांगितलेली. ती वहिनीच्या कानात सांगायची. मग ती विडीच्या दोऱ्याला एक गाठ मारायची, ती तोडून रिकाम्या डब्यात टाकायची आणि झाकण लावून म्हणायची, "गेलं मुलखाच्या पोटात. आता तितनं भाईर न्हाय."

मी घासाघीस करायची. "अर्धी गोष्ट सांगते, दार अर्धंच उघड."

"वन्सं, मंडईत आलाय व्हय? अर्ध्या दारात खेचर अडकलं तर मला बोलायचं न्हाय."

अशी मी कित्येक दारं स्वस्तात उघडली. देवापुढचा गूळ खाल्ला, पानं कमी भिजवली आणि दोष उन्हाला दिला, असल्या चिल्लर खऱ्या गोष्टी तिच्या कानात टाकायची. माझ्यासारखं गिऱ्हाईक तिला आवडत नसे.

एकदा राजानं नातीची सगळी पाखरं कोंडली. पिंजरा उघडायला किंमत लागणार होती आणि ती गप्प बसून राहिली. मी तिला तेव्हा सोडून द्यायला हवं होतं. मी म्हणाले, "किंमत दे, न्हायतर मेली म्हण पाखरं. आमी किती येळ बसायचं?" ती उठली, वहिनीच्या कानाशी गेली, आणि परत बसली तेव्हा तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. दुसऱ्या दिवशी नळावर वहिनीनं मला बाजूला घेतलं. "कुणाला सांगू नगंस. तिचं अंथरूण अजून वलं व्हतंय." मी लई हसले. पुढं एकदा भांडणात मी तिला सगळ्यांसमोर "तेरावी विहीर" म्हणाले. अव्वाला कळलं नाही. तिला कळलं. तिनं वहिनीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पान उचलून वळायला लागली. वहिनीचा काटा खोटा आहे हे मला नळावरच दिसलं होतं. खोट्या काट्यावर माझा माल कधी चढणार नाही, एवढाच माझा माज होता.

त्या हिवाळ्यात मला माळशिरसचं स्थळ आलं. मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यानं निरोप पाठवला होता की मुलीला पुढं शिकायचं असेल तर घरात कोणाची हरकत नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती. तो निरोप मी आईकडून तीनदा वदवून घेतला. वहिनीचं माहेर नातेपुते; ते घर तिच्या माहेरच्यांच्या ओळखीचं, तिथून माळशिरस काही लांब नाही. वहिनीनं स्वतः येऊन आईला सांगितलं, "घर सोन्यासारकं हाय, डोळं झाकून द्या." तिची धाकटी बहीण नातेपुत्यात बिनलग्नाची बसली होती, दोन ठिकाणांहून नकार आलेला. हे आम्हाला ठाऊक होतं. त्याचा याच्याशी संबंध लावायचं कोणाला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात माझं खेचर मेलं. सातव्या विहिरीवर पाणी पाजत होते, तर वहिनी म्हणाली, "कपारीतनं साप आला." चिंचोके टाकले. "चारी काळे. गेलं खेचर."

"परत टाक."

"पडलं ते पडलं."

सहा महिने ते खेचर माझ्याबरोबर होतं. उजवा कान फाटलेला, पूल दिसला की अडून बसायचं, आरसे लादले तर सावकाश चालायचं. हे सगळं मी त्याला दिलेलं होतं. घरात माझ्या मालकीची पेटीसुद्धा नव्हती. रागानं माझ्या हातातलं पान फाटलं.

"उठव त्याला. किंमत बोल."

"खेचर मोठं हाय, वन्सं. गुळाची गोष्ट चालायची न्हाय."

मी दोन गोष्टी देऊ केल्या, मग तीन. तिनं मान हलवली. अव्वा म्हणाली, "वदिलेय, पोरी. सोड. खोटं जनावर हाय ते." मी अव्वाला गप्प केलं. सौदा सोडून उठणं मला तेव्हाही जमत नव्हतं.

आणि मी वहिनीच्या कानात सांगितलं. माझ्या डाव्या बरगडीखाली रुपयाएवढा पांढरा डाग होता. कोड. अकराव्या वर्षी उठला आणि तेवढाच राहिला. आई दार लावून त्यावर बावचीचं तेल चोळायची. तिनं मला देवीपुढं शपथ घातली होती की नवऱ्याच्या घरात पाय रोवल्याशिवाय हे कोणाला कळता कामा नये. वडिलांनासुद्धा माहीत नव्हतं. वहिनीनं शांतपणे ऐकलं, गाठ मारली, डब्याचं झाकण लावलं. "उठलं तुजं खेचर. अंग झाडतंय बघ." मी तोंडभर हसले. त्या दिवशी मी नातीपेक्षा जास्त विड्या वळल्या.

पंधरा दिवसांनी माळशिरसची माणसं बघायला आली. पोहे झाले. मुलाची आत्या म्हणाली, पोरीला जरा आत न्यायचं आहे. आत आल्यावर तिनं ना माझे केस पाहिले ना दात. "पोलकं वर कर. डावीकडं." तिचं बोट सरळ त्या जागी आलं, अंधारात बटण सापडावं तसं. तिनं उजवी बाजू पाहिलीच नाही. बाहेर जाऊन ती एवढंच म्हणाली, "चला." त्यांनी चहा घेतला नाही. वडिलांनी कोणाला मारलं नाही. त्यांनी आईशी बोलणं सोडलं, ते कायमचं. नळावर माझ्या मागं उभ्या असलेल्या बाया माझी घागर भरली की तोटी राखेनं घासून घ्यायच्या.

उन्हाळ्यात त्या शिक्षकाशी वहिनीच्या बहिणीचं लग्न झालं. वहिनी आमच्या घरी लाडू घेऊन आली.

मी तिच्या ओसरीवर गेले. तिघी वळत होत्या. मी विचारलं, "कानात सांगितलेलं भाईर कसं गेलं?"

"कंचा कान, वन्सं? खेळ हाय त्यो. खेळातलं कोण खरं धरतंय?"

"मग गाठ कशाला मारलीस?"

"दोरा सुटा व्हता म्हनून." मग ती मान वर करून म्हणाली, "आनि नळावर हिचं ऐकून तुमी फिदीफिदी हसलात, तवा त्यो कान कुनाचा व्हता?"

मी तिचं सूप उचललं आणि तंबाखूसकट गटारात पालथं केलं. ती ओरडली. अव्वा ओली तंबाखू गोळा करायला वाकली. नातीनं मान वर केली नाही. तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढची विडी घेतली. पुढं कितीतरी महिने भिंतीपलीकडून त्यांचा खेळ ऐकू यायचा. माझं खेचर वहिनीनं एका चोराला देऊन टाकलं.

मी विड्या सोडल्या. टॉवेलांचं गाठोडं डोक्यावर घेऊन दारोदार फिरले, मग चादरी, मग बाजारात एक फळी, मग दुकान. लग्न केलं नाही. डाग अजून रुपयाएवढाच आहे. सौद्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही, आणि ज्यांना मी हरवलं त्यांच्याबद्दल मला वाईट वाटत नाही. अव्वाच्या नातीबद्दल वाटतं. तिला शोधून काढून मी तिच्या दारात उभी राहिले आणि माझी चूक बोलून दाखवली. तिनं दार लावून घेतलं. बरोबर केलं. माझं मी सोसलं. पण त्यानं वहिनीचं माप हलकं होत नाही.

लोक म्हणतात, म्हातारी झाली ती, सोडून द्या. ती नातवंडांना गोष्टी सांगते म्हणे. शेजारची पोरंसुद्धा ऐकायला जमतात, दूध खोट्या बातमीनं कसं थांबतं ते ऐकून हसतात. ते दूध माझं आहे.

वहिनी, मला तुझी माफी नको. बहिणीचा संसार मोडावा असंही मी म्हणत नाही. मला एवढंच हवं: स्थळाचं कळल्यावर तू मुद्दाम साप आणलास, की साप सहज आला आणि कानात ऐकताना तुला बहीण आठवली? सुपाआड चारी काळे खरंच पडले होते का? दोन्हींना दोन-दोनच उत्तरं आहेत, तिसरं तुझ्या तोंडून ऐकायला मी बसलेली नाही. मी सकाळी दहाला दुकान उघडते. बहिणीला बरोबर घेऊन ये, तिला माझ्यासमोर बसव, आणि तिच्या देखत उत्तर दे.