सलगी आणि सलुगै

माझा थोरला भाऊ दर निवडणुकीला एक अर्ज देतो. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षाची जाहीरनामा समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरते. तंजावुरात आली की एखादा लग्नाचा हॉल घेते आणि लोक रांगेत उभे राहून आपापली मागणी देतात. कुणी पूल मागतो, कुणी बसथांबा. अण्णा सगळ्या पक्षांना एकच गोष्ट मागतो, निदान मी तसं समजत होते: मोठ्या कंपन्यांना सरकार जे वाटत बसलंय ते थांबवा, आणि तसं जाहीरनाम्यात छापा. आजवर कुणी छापलं नव्हतं. मी त्याच्याबरोबर जाते, कारण त्याला एकट्याला पाठवायची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर त्याला नाही म्हणायचाही मला आता कंटाळा आला आहे.

अण्णा वीजखात्यात इंजिनिअर होता. वीज कमी पडली की आमच्या कीळवासल पेठेतल्या पिठाच्या गिरण्या, लोहारांचे भाते, झेरॉक्सची दुकानं तासन्‌तास बंद ठेवायची, पण गावाबाहेरच्या कारखान्याची वेगळी लाईन मिनिटभरही बंद करायची नाही, असा वरून हुकूम असायचा. तो हुकूम पाळणारा हाच. त्या कारखान्याला जमीन नाममात्र भावात, पाणी जवळजवळ फुकट, भरलेला कर परत, हे सगळं त्याला पाठ होतं. रिटायर झाल्यावर ते त्याच्या अंगात मुरलं. विरोधात असलेला पक्ष त्याचा अर्ज घेऊन मान डोलवायचा, सत्तेतला पक्ष चहा पाजायचा. पुढच्या खेपेला दोघांच्या खुर्च्या बदललेल्या असायच्या, आणि डोलणारी मान आणि चहाचा कपही बदललेला असायचा. मला याचा राग यायचा, तोही आता येईनासा झाला आहे.

पूर्वी तो अर्ज इंग्रजीत लिहायचा. मग त्याची दृष्टी गेली, काचबिंदूने. गेल्या तीन निवडणुका तो सांगतो आणि मी तमिळमध्ये लिहिते. मी तमिळ शिकवण्यातच नोकरी काढली, तेव्हा हे काम माझ्याकडे येणारच होतं. तो सांगतो मात्र आमच्या घरच्या तंजावुरी मराठीत, जिच्यात निम्मे शब्द तमिळचे आणि सूर तर सगळाच तमिळचा. तो सांगायचा, मी लिहायचे, वाचून दाखवायचे, तो मान हलवून अंगठ्याने जागा चाचपत सही करायचा.

या खेपेला हॉल मेडिकल कॉलेज रोडवर होता. समितीतला एक मनुष्य, पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसलेला, बोलायला फार गोड होता. त्याने अर्ज वाचला आणि अण्णाला म्हणाला, सर, जरा तोंडी समजावून सांगा. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. अण्णा खुलला. सांगू लागला की कंपनीचा मालक आणि मंत्री एका ताटात जेवतात, मालकाचा माणूस खात्यात येऊन फायली स्वतः उघडतो, वर बसलेल्यांना ते काही वाटेनासं झालंय, हे तोडा. तो मनुष्य गोंधळला. म्हणाला, पण सर, तुमच्या कागदात सगळं सलुगैबद्दल आहे. सलुगै म्हणजे तमिळमध्ये सवलत. अण्णा म्हणाला, होय, तेच तर सांगतोय. तो मनुष्य हसला, त्याने कागदावर खूण केली आणि म्हणाला, हे आम्ही नक्की घेऊ.

परतताना टाऊन बसमध्ये जागा मिळाली. त्या माणसाचा गोंधळलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी अण्णाला विचारलं की तू मला जो शब्द सांगतोस, त्याचा अर्थ तुझ्या मनात काय आहे.

तो म्हणाला, "सलगी ग. पोर मांडीवर चढतं, बापाच्या ताटांत हात घालतं, आणि बाप हसतो. ती सलगी. ती मोडा म्हणालों मी."

तीन निवडणुका तो सलगी म्हणत होता आणि मी सलुगै लिहीत होते. तमिळ शब्द घुसडून बोलणारं आमचं घर, तेव्हा हाही तमिळच असणार, असं माझ्या कानाने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी सलुगै असं वाचून दाखवायचे तेव्हा त्याला त्यात आपली सलगीच ऐकू यायची. मुलांच्या वह्यांत एक वेलांटी चुकली तर लाल शाई ओतणारी मी. लाजेने मला बसमध्ये घाम फुटला. पण मी काही बोलले नाही. म्हटलं, कोण छापणार आहे.

छापलं. महिन्याभराने अण्णाची मुलगी त्या पक्षाच्या जाहीरनाम्याची पुस्तिका नाचवत आली. ती घराच्या पुढच्या खोलीत इडलीचं पीठ वाटून विकते. दोन ग्रायंडर, एक फ्रीज, सकाळ-संध्याकाळ दारात डबे घेऊन गिऱ्हाईकं. लहान धंद्याला विजेच्या दरात सवलत आहे, म्हणून ते चालतं. ती जेमतेम मराठी बोलते, समजतं मात्र सगळं. "अप्पा, तुमचं अस्कं छापलंय," म्हणाली. अस्कं म्हणजे सगळं. अण्णाचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. तो म्हणाला, वाच, सावकाश वाच.

वाचायचं माझ्यावरच आलं. उद्योगांना दिलेली प्रत्येक सलुगै, लहान-मोठा भेद न करता, रद्द करू, असं एका पानावर होतं. भेद न करता. पुढचं पान उलटलं. मोठ्या उद्योगांना जमीन, पाणी, वीज आणि करपरतावा देऊ, आणि त्याला नाव दिलं होतं ऊक्कत्तोगै. म्हणजे उत्तेजनाची रक्कम. ती सलुगै नव्हतीच, त्यामुळे रद्द व्हायचा प्रश्नच नव्हता. नाव बदललं की काम झालं. उरलं कोण, तर या खोलीतले दोन ग्रायंडर. मुलीलाही ते तेव्हाच उमगलं. तिने पुस्तिका माझ्या हातातून घेतली, दोन्ही पानं पुन्हा वाचली, आणि पीठ काढायला आत निघून गेली.

अण्णा विचारत होता की पुढे काय आहे, थांबलीस का. मला वाटलं, वाचूच नये. आंधळ्या माणसाला पहिलं पान पुरे. इतकी वर्षं तो या एका ओळीसाठी उभा राहिला, त्याला ती मिळाली, झालं. पण आत ग्रायंडर फिरत होता आणि त्या आवाजात खोटं बोलणं मला जमेना. मी दुसरं पान वाचलं. मग माझी चूकही सांगितली, बसमध्ये कळूनही गप्प बसले होते त्यासकट.

तो बोटांनी लुंगीचा काठ सारखा करत राहिला. मला वाटलं रागावेल, आणि रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे त्यांनीं ऐकलं," तो म्हणाला. "माझं नाहीं, तुझं."

मी रडले. या वयात, कागदावरच्या एका शब्दासाठी. मी म्हटलं की सलगी मोडायला सांगितलं असतं तरी त्यांनी काय मोठं केलं असतं. तो म्हणाला की काही केलं नसतं, छापलंही नसतं, आणि पोरीच्या विजेची सवलत काढायची ओळही जाहीरनाम्यात आली नसती. ते खरंच होतं. छापण्याजोगं जे होतं ते माझ्या चुकीने त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी नाहीतरी ते केलं असतं, असं नंतर शेजारचे सगळे म्हणाले. मलाही कळतं की एका अर्जावर कोणी धोरण ठरवत नाही. त्याने मन हलकं मात्र होत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला कागद घ्यायला सांगितलं. पक्षाला लिहायचं होतं: माझी मागणी परत घेतो, ती ओळ काढून टाका, मी सलगी मोडा म्हणालो होतो, सलुगै नव्हे. तो ओळ छापून यावी म्हणून अर्ज करत आला होता, आणि आता ती काढा म्हणून अर्ज. मी विचारलं, तमिळमध्ये सलगीला काय लिहू? जवळीक लिहिली तर ती स्तुती होते, लाड लिहिलं तर घरगुती होतं. इतकी वर्षं तमिळ शिकवून मला तो शब्द सापडेना.

"मराठींत लिही," तो म्हणाला. "कळलं नाहीं तर नाहीं कळलं. ह्या खेपेला चूक तरी नको."

देवनागरी मी हिंदीच्या परीक्षेसाठी शिकले होते, ती कामी आली. त्याला दिसत नाही, मुलीला देवनागरी वाचता येत नाही, आणि तंजावुरातल्या त्या पक्षाच्या कचेरीत तर कुणालाच नाही. मी लिहून वाचून दाखवलं, त्याने सही केली, आणि मुलीने पिठाचे डबे पोचवायला जाताना ते पत्र पोस्टात टाकलं. सलगी हा शब्द तेवढा मी पहिल्यांदाच बरोबर लिहिला होता.