अभ्यासाचं बायबल

ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास आला की सोनपेठचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. निजामाच्या राज्यात माझी शाळा उर्दूतली होती, तरी बायबलचा अभ्यास मराठीतून करायचा मी ठरवलं होतं. गावोगाव फिरणाऱ्या प्रचारक बाईंनी दोन मराठी भाषांतरं पुढच्या बाजारापर्यंत ठेवून दिली. एक निवडायचं, दुसरं परत करायचं. मला भारदस्त भाषेचं हवं होतं. आई दळत बसली होती, म्हणून घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट मी तिला दोन्हींतून वाचून दाखवली. भारदस्त वाचताना ती सारखी विचारायची, “म्हंजी काय गं?” साधं वाचायला लागले तेव्हा तिनं जातं थांबवलं. “बापच पळत गेला त्याच्याकडं? मोठ्यानं वाच. ओसरीवर ऐकू जाऊ दे.” ओसरीवर वडील होते. थोरला भाऊ त्यांच्याशी भांडून परभणीला निघून गेला, त्याला वर्ष झालं होतं. “मी काय बहिरा हाय का?” वडील तिथूनच ओरडले. तरी मी मोठ्यानंच वाचलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी डोक्याला रुमाल बांधला, आईकडून भाकरी मागून घेतल्या आणि परभणीची वाट धरली. भारदस्त पुस्तक मी परत केलं. आज घरात चार भाषांतरं आहेत. अभ्यासाला मी ते साधंच घेते.