भिंतीवरचा गडवा

त्या सकाळी माझ्या यादीत सानगडीची अकरा घरं होती. गुरांची नोंद करायची, प्रत्येक घराला दहा मिनिटं. चौथ्या घरात मात्र अर्धा तास गेला.

तिथली बाई अंगणातल्या भिंतीला अगदी खेटून ताक घुसळत होती. मला खाटेवर बसवलं, पण रवीची दोरी सोडली नाही. घुसळण्याचा आवाज जड झाला तसं तिनं गार पाणी ओतलं, मग ओल्या हातानं लोणी गोळा करून थोडं माझ्या तळहातावर ठेवलं.

"घरात मिक्सर दिसतोय," मी म्हणाले. "मग हे कष्ट कशाला?"

"मिक्सर तं साऱ्या गल्लीत वाजते, बाई. आमची रवी कुरकुरते. थो आवाज माह्या जावेले ओळखू येते."

जाऊ भिंतीपलीकडे राहत होती. वीस वर्षं दोघींनी आळीपाळीनं हीच दोरी ओढली. मग वाटण्या झाल्या, भिंत आली, बोलणं थांबलं.

"पयलं ताक तिलेच लागे. रवी थांबली का गडवा घेऊन हजर! आताही आयकतच असन ना?"

तिनं गडवा ताकानं भरला, भिंतीवर ठेवला आणि वर पळसाचं पान झाकलं.

दुपारी यादी संपवून मी मुद्दाम त्याच गल्लीतून परतले. गडवा तसाच भरलेला होता, पान उन्हानं वळलं होतं. बस गाठायची होती, तरी मी थांबले, भिंतीपलीकडे बांगड्या वाजतात का ते ऐकत.