डेअरीच्या कार्डावरचं नाव

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून गाईची धार काढली. मिळून म्हणजे, ती धार काढत होती आणि मी वासरू धरून उभा. जन्मभर माझं काम तेवढंच. आणि कॅन घेऊन डेअरीवर जायचं, कारण सभासदाच्या कार्डावर नाव माझं.

ती खाली बसूनच म्हणाली, "अवं, त्या कार्डावर माजं नाव घाला की."

"कशाला? बाप्यांत जाऊन मीटिंगला बसनार हाईस का?"

"तुमी तरी कुठं बसता? झोपता."

मी हसलो. खोटं नव्हतंच. मागं डेअरीत जनावरांचा डॉक्टर आला होता. कासेला रोग होऊ नये म्हणून धार काढल्यावर सड औषधात कसे बुडवायचे, ते त्यानं सभासदांना सांगितलं. सभासद सगळे बाप्ये. आमच्यातल्या एकानंही कधी सडाला हात लावलेला नाही. मी चहा प्यालो, भिंतीला टेकलो आणि डुलकी काढली. घरी तिला काही सांगितलं नाही. पावसाळ्यात गाईची कास दगडासारखी टणक झाली. डॉक्टर गोठ्यात येऊन म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये सांगितलं होतं की." ती दावं धरून उभी होती. मीटिंगमध्ये काय झालं ते तिला तेव्हा कळलं.

एक सड कायमचा गेला, दूध घटलं. दुसरी गाय घ्यायचं तिच्या लई मनात होतं, ते राहिलंच. मी म्हणायचो, "एवढं करनार कोन?" जसं काही मीच करत होतो.

कार्डाचं बोलणं झालं त्या रात्री झोपली ती उठलीच नाही. पाथर्डीकडलं आमचं निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. खांदा द्यायला माणसं जमवावी लागली. त्या दिवशीची धार शेजारणीनं काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. चहापत्तीचा डबा सापडेना, तसाच गोठ्यात गेलो. हात लावला तर गाईनं लाथ मारून बादली लवंडली. मग दोरीवरचं तिचं लुगडं अंगावर घेतलं. कुणी बघितलं असतं तरी चाललं असतं. बघणारं कुणी नव्हतंच. गाईनं लुगडं हुंगलं, माझ्या मागं बघितलं, आणि गुमान उभी राहिली. माझी बोटं वळेनात. अर्धा लिटर निघालं.

डेअरीतला माणूस म्हणाला, "बाबा, आज कशाला आलात? सुतक हाय ना."

"गाईला न्हाई."

त्यानं कॅनमध्ये डोकावलं. "एवढंच?"

"काढनारी गेली. कार्डावर ज्याचं नाव हाय त्याला धार काढता येत न्हाई."

मी कॅन मापाला पुढं सरकवला. मी म्हणालो, "ते सडाचं औषध कसं लावायचं, परत एकदा सांग."

त्यानं सांगितलं, औषधाची बाटली दिली. मी उभ्यानं ऐकलं, आणि घरी येऊन गाईचे राहिलेले तीन सड एकेक करून औषधात बुडवले.