जांभळ्या दिव्याखालचे पंख

आमचा मामा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेई आणि उरलेला वेळ बिल्ले वाचत बसे. विमान चालवायला शिकलेल्या कॅडेटच्या गणवेशावर पूर्वी पंखांचा कापडी बिल्ला शिवत. मामा ते जमवी. घरच्या कपाटात मामीच्या कपड्यांना एक कप्पा आणि बिल्ल्यांना तीन. मामी म्हणे, "मला पंख असते तर माझीही सोय झाली असती."

खोटा बिल्ला ओळखण्यात मामाचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी पाठ बघायची, कारण नकली माल करणारा सगळा जीव पुढच्या बाजूत ओततो. मग जांभळा दिवा, नोटा तपासतात तो. त्याखाली जुना सुती दोरा गप्प राहतो, हल्लीचा पांढराशुभ्र दोरा निळा चमकतो. चमकला की मामाचं तोंड असं होई, जणू त्या बिल्ल्यानं त्यालाच टोपी घातली.

एका दुपारी चष्म्याचं गिऱ्हाईक असलेल्या निवृत्त नर्सबाई भावाचा बिल्ला घेऊन आल्या. मी तेव्हा दुकानातच होते.

"तो सांगायचा, मी एकट्यानं विमान उडवलंय," त्या म्हणाल्या. "वडील म्हणायचे, थापा मारतो, बिल्ला बाजारातून आणलाय. तो तरुणपणीच गेला, वडीलही गेले. खरं काय ते मला एकदा कळू दे."

मामानं दिवा लावला. बिल्ला लख्ख निळा झाला. "खोटा आहे, ताई," तो म्हणाला. उलटून पाठ बघायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत. बाई "बरं" म्हणाल्या आणि रुमालात बिल्ला गुंडाळून निघून गेल्या. मला मामाचा असा राग आला की त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेच नाही.

आठवड्याभरानं तो घरी दुसरा एक बिल्ला दिव्याखाली धरून बसला होता. बिल्ला काळोखा, पण मामाची बाही निळी.

"हा शर्ट केव्हाचा गं?" त्यानं विचारलं.

"वीस वर्षांचा," मामी म्हणाली. "टाकू देत नाहीस. दर आठवड्याला पावडरीत भिजवून भिजवून माझे हात गेले."

मामानं कपाळाला हात लावला. चमकत होती ती कपडे धुवायची पावडर. दोरा नव्हेच.

दुकानाच्या वहीतून पत्ता काढून आम्ही बाईंच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत भावाचा फोटो होता आणि चौकटीच्या कोपऱ्यात बिल्ल्याएवढी रिकामी जागा.

"टाकलात?" मामानं कसंबसं विचारलं.

"नाही हो. खोटा असला तरी त्याचाच ना." त्यांनी खणातून रुमाल काढला.

"हा कधी धुतलाय?"

"दर वर्षी धुते. त्याच्या वाढदिवसाला." त्या ओशाळल्या. "चुकलं का माझं?"

"माझं चुकलं, ताई."

मामानं पाठीमागून दोऱ्याचं एक टोक कापून काडीनं पेटवलं. कागद जळल्यासारखा वास आला, चिमूटभर राख पडली. नवा, पॉलिएस्टरचा दोरा असता तर वितळून त्याची गोळी झाली असती. मग भिंग लावून तो कितीतरी वेळ पाठ बघत राहिला. कडेनं सुईची भोकं होती, दोन ओळींत. एकदा उसवून पुन्हा शिवल्याची.

"बिल्ला खरा आहे," तो म्हणाला. "गणवेशावर होता, वापरात होता. आणून नुसता ठेवलेला नाही. पण विमान एकट्यानं उडवलं का, ते मला यातून नाही सांगता येणार."

"ते आता मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. मामाचेही डोळे भरले. मला त्याची इतकी माया आली की सगळा राग कुठल्या कुठे गेला.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. "पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे त्याचा. आता धुवायचा नाही ना?"

जुन्या बिल्ल्यावर कुणी फुंकर मारली तरी मामा अंगावर धावून जाई.

"धुवा की," तो म्हणाला. "भाऊ तुमचा आहे."